टिकेल अशी टोपी

३ फेब्रुवारी

पुन्हा शीळ! गाडी फाटकाबाहेर काढली, कोपऱ्यावर वळलोही नव्हतो, तोच बॉनेटखालून शीळ सुरू. सिग्नलला उभा राहिलो तर इंजिनाचा काटा आपला वर-खाली, वर-खाली. शेजारच्या स्कूटरवाल्यानं वाकून बघितलं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

घरी आणून बॉनेट उघडलं. गेल्याच आठवड्यात बसवलेली रबरी टोपी बुडापाशी गोल चिरलेली. हातात घेतली तर दोन तुकडे.

ही डायरी आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीकडून दर वर्षी येते. आमची ही तिच्यात दुधाचे खाडे लिहायची. यंदा ही इथं नाही, डायरी कोरी पडली होती. म्हटलं, गाडीचं लिहून ठेवू, म्हणजे पुढं माझं मलाच कळेल काय काय करून झालं ते.

तर, जुन्या इंजिनाला मी टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, बसवलाय. त्यासाठी हवा आत नेणारा मोठा पाइप, म्हणजे मॅनिफोल्ड, भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा घेतला. त्याला नळ्या जोडायची बारकी बारकी पाच तोंडं आहेत. माझ्या कामाची दोन. उरलेली तीन टोप्या घालून बंद ठेवावी लागतात, नाहीतर इंजिन तिथून फुकटची हवा ओढतं आणि बिघडतं. एवढंच आहे. एवढ्यासाठी महिना गेला.

ही चिरंजीवांकडे गेली आहे. नातू झाला, सूनबाईंना कामावर परत जायचं होतं, घरात कुणीतरी हवं होतं. आता नातू बसायला लागलाय म्हणे. गाडी नीट झाली की मी स्वतः जाऊन हिला घेऊन येणार. दिवसभराचा रस्ता आहे आणि मध्ये घाट. घाटात टोपी उडाली तर फजिती. हिच्यासमोर तर नकोच.

८ फेब्रुवारी

फोन केला. म्हटलं, गाडी होत आलीय, थोडंसं राहिलंय. म्हणाली, "घाई करू नका हं. अगदी सावकाश होऊ दे."

पूर्वी गाडीचं नाव काढलं की "त्या डबड्याचं कौतुक मला सांगू नका" म्हणून पदर खोचायची. लांब गेल्यावर माणसाला किंमत कळते, दुसरं काय!

१४ फेब्रुवारी

रबरवाल्याकडे गेलो. दुकान म्हणजे एक बोळच आहे, दोन्ही भिंतींना वायसर, सील, नळ्या लटकवलेल्या, आणि टोकाला तो आणि त्याची बायको एकाच बाकावर बसून दिवसभर भांडतात. आज भांडण पंख्यावरून होतं. तिला हवा लागत होती, त्याला लागत नव्हती.

त्याला तुटकी टोपी दाखवली. त्यानं नखानं खरवडली. "साधं काळं रबर. उष्णतेनं कडक होतं, मग तडकतं. हे सायकलला लावा."

"मग काय लावू?"

"सिलिकॉन आहे. लाल, निळी. उष्णता कितीही द्या."

"पण तेलाची वाफ? टर्बोच्या गाडीत पाइपात तेलाची वाफ येतेच की."

"मग सिलिकॉन फुगेल. मऊ पडेल. टर्बोनं दाब दिला की उडून जाईल."

"मग तुम्ही दाखवलंत कशाला?"

"तुम्ही विचारलंत म्हणून!" तो म्हणाला. बायको म्हणाली, "हे असेच आहेत, भाऊ. विचाराल ते सांगतात, पाहिजे ते सांगत नाहीत." त्यावरून दोघांची पुन्हा जुंपली. मी तिथंच स्टुलावर बसून राहिलो. बराच वेळ बसलो. काम काहीच नव्हतं खरं तर.

शेवटी तो म्हणाला, कायमचं बंद करायचं असेल तर तोंडंच काढून टाका, भोकाला आटे पाडा, पितळेचं बूच पिळा. पुढं टोपीची कटकटच नाही.

म्हटलं, छे! उद्या जुनं सगळं परत जोडायचं झालं तर?

"जोडणार आहात?"

"जोडणार नाही हो. पण सोय राहिली पाहिजे."

काळ्या, लाल आणि निळ्या, तिन्ही टोप्या घेऊन आलो. शिवाय एक चौथी, व्हायटॉन की काय नावाच्या रबराची. तेल आणि उष्णता दोन्ही सोसते म्हणाला. हाताला अगदी टणक लागते. बघू.

१९ फेब्रुवारी

दुपारी दवाखान्यामागच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक आजीबाई एकट्याच. मी तिथं पोचेपर्यंत त्यांनी रडायला सुरुवात केली होती. जोडीच्या माणसाला वर मशीनपाशी पाठवलं आणि मी दाराच्या फटीपाशी जमिनीवर बसलो, त्यांच्याशी बोलत राहिलो. नातवंडं किती, गुडघे कसे आहेत, जेवलात का. मग माझ्याच गमती सांगितल्या. एकदा मीच लिफ्टच्या टपावर अडकलो होतो, ती. हसायला लागल्या.

बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "काय गोड बोलता हो तुम्ही! तुमच्या बायकोचं नशीब थोर."

संध्याकाळी हिला फोन करून आवर्जून सांगितलं. म्हणाली, "हो का." थोडं थांबून म्हणाली, "मग, आजी बऱ्या आहेत ना?"

म्हटलं, ठणठणीत. तेवढ्यात बाळ उठलं, फोन ठेवावा लागला.

२२ फेब्रुवारी

आज थोडक्यात वाचलो.

लाल टोप्या घातल्या होत्या, तरी काटा नाचतच होता. मला वाटलं, गळती ब्रेकच्या नळीत असेल. ब्रेकला जोर मिळतो तोही मॅनिफोल्डच्याच ओढीतून, त्यामुळे संशय घ्यायला जागा होती. ती नळी काढली आणि तोंडावर टोपी घातली. फक्त तपासणीपुरती. इंजिन लगेच शांत झालं! इतका आनंद झाला की बॉनेट आपटलं आणि तसाच चक्कर मारायला निघालो.

टोपी काढून नळी परत जोडायची राहिली. पेट्रोलपंपाच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय दगडावर. दोन्ही पाय रोवून उभाच राहिलो म्हणा ना पेडलवर. हवा भरायच्या मशीनच्या खांबाला बंपर टेकला तेव्हा गाडी थांबली. खांबापाशी एक माणूस चाकाशी वाकला होता. अर्ध्या हातावर. मला पाणी त्यानंच दिलं.

घरी येऊन पहिला फोन हिला. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. तर म्हणाली, "तुम्हाला लागलं नाही ना?"

"नाही गं. पण ऐक तर, गळती त्या नळीत नव्हतीच! लाल टोपी सैल पडून शीळ घालत होती, आणि नळीशी झटापट करताना माझा हात लागून ती आपोआप घट्ट बसली. मी आपला उगाच दुसरीकडेच..."

"अहो," ती म्हणाली, "मला घ्यायला गाडीनं येऊ नका."

बराच वेळ विचार केला. तिचा इंजिनावर विश्वास उरलेला नाही. बरोबरच आहे. आता टोपी अशी निवडायची की पुन्हा वर्षानुवर्षं बघायला नको. मग जाईन आणि म्हणेन, बस आता खुशाल.

१ मार्च

स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटली आहे. चारही जातींच्या टोप्या इंजिनातल्या काळ्या तेलात टाकून रोज गॅसवर तापवतो, गार करतो, मग नखानं दाबून बघतो. वाट्या कट्ट्यावर ओळीनं ठेवल्यात. वासाचं विचारू नका. वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली.

हे सगळं तापवायला तिचं दूध तापवायचं छोटं पातेलं घेतलं. बुडाला जाड आहे, उष्णता एकसारखी लागते. तिला फोनवर सांगताना जीव मुठीत होता. तिचं ते लाडकं पातेलं, मला त्यात चहासुद्धा करू देत नसे.

"कुठलं? ते छोटं?"

"हो. घासून चकचकीत करून ठेवतो."

"राहू दे. ते आता तुम्हालाच ठेवा."

चिडली नाही! एक शब्द बोलली नाही. चिरंजीवांकडचं हवापाणी मानवलेलं दिसतंय. पूर्वीची असती तर पातेल्यासकट मला बाहेर काढलं असतं.

तरी फोन ठेवल्यावर करमेना. दोन वेळा तिचा नंबर लावला आणि कापला. सांगायला काही नव्हतं. बातमी नसताना फोन कशाला करायचा?

८ मार्च

रबरवाल्याकडे गेलो. प्रयोगाचा निकाल: काळी तडकली. लाल आणि निळी फुगून दीडपट झाल्या, बोटात धरल्या तर लिबलिबीत. व्हायटॉनची होती तशी.

पातेल्याचीही गंमत सांगितली. म्हटलं, आमची ही एवढी तापट, पण बघा, चकार शब्द काढला नाही, म्हणाली तुम्हालाच ठेवा.

रबरवाला हसायला लागला होता, तो थांबला. त्यानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "किती दिवस झाले म्हणालात त्यांना जाऊन?"

म्हटलं, बाळ रांगायला लागलंय आता.

तिनं लगबगीनं चहा मागवला माझ्यासाठी. त्यानं व्हायटॉनच्या टोप्या मोजून दिल्या, वर दोन जास्त टाकल्या, आणि प्रत्येकीला आवळायला बारीक पट्ट्या शोधायला स्वतः माळ्यावर चढला. चांगली माणसं आहेत. आज एकदाही भांडली नाहीत, बरं नसेल कुणाला तरी.

१५ मार्च

चिरंजीवांचा फोन. "बाबा, आईचे थोडे कपडे पाठवता का? कपाटातला खालचा कप्पा. आणि तिची शिक्षणाची प्रमाणपत्रं, निळ्या फाइलमध्ये आहेत."

"प्रमाणपत्रं कशाला?"

"अहो, इथं कोपऱ्यावर पाळणाघर आहे. तिथं सकाळचं जाते ती. तिला आवडतंय. त्यांना कागद हवेत."

"आणि बाळाला कोण बघतं मग?"

"तेही तिथंच असतं, तिच्याजवळ."

"पण मी तर पुढच्या महिन्यात न्यायला येणार आहे तिला."

तो जरा घुटमळला. "तुम्ही आईशी बोला ना, बाबा."

बोलतोच की मी. आठवड्यातून दोनदा बोलतो.

कपडे खोक्यात भरले. खालच्या कप्प्यातल्या साड्या सगळ्या मावल्या, मग वरच्या कप्प्यातली शालही टाकली, तिकडे सकाळचा गारठा असतो. कप्पा रिकामा झाला. दार लावायला गेलो तर लागेना, कारण त्याला आतून कपड्यांचा रेटा लागतो. शेवटी घडी घालून माझी जुनी पँट आत ठेवली. घर खायला उठतं हल्ली. संध्याकाळी मुद्दाम उशिरापर्यंत खाली गाडीपाशी थांबतो.

२९ मार्च

टोप्या बसवल्या. तिन्ही तोंडं कापडानं कोरडी पुसली, टोपी दाबून पार बुडापर्यंत बसवली, पट्टी आवळली. फार आवळायची नाही, नाहीतर पट्टीच रबर कापते. मग पाइपात पंपानं हवा भरून साबणाचं पाणी मारून बघितलं. एक बुडबुडा नाही. इंजिन चालू केलं आणि हातात घड्याळ न घेता नुसता बसून राहिलो. काटा हलला नाही. शीळ नाही. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, तर पाणी जेमतेम थरथरतंय.

कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पिशवी घेऊन चालले होते, त्यांना हाक मारली. त्यांनी पेला बघितला, "वा" म्हणाले आणि गेले. पेल्यातलं पाणी मीच पिऊन टाकलं.

५ एप्रिल

घाटापर्यंत जाऊन आलो. चढावर पूर्ण दाब दिला. उतरून हात लावून बघितलं, टोप्या जागच्या जागी. हिला फोन केला. "झाली गं गाडी! शनिवारी निघतो पहाटे."

"गाडीनंच येणार?"

"मग! आता घाबरायचं कारणच नाही. असली टोपी शोधलीय की..."

"बरं," ती म्हणाली. "या. नातवालाही बघाल."

१२ एप्रिल, चिरंजीवांकडे

काल अंधार पडायच्या आत पोचलो. वाटेत एकदाही बॉनेट उघडावं लागलं नाही. नातू गुबगुबीत आहे, माझा चष्मा ओढतो. ही थोडी वाळली आहे, पण तरतरीत दिसते. केस कापलेत. मी काही बोललो नाही त्यावर. चांगले दिसतात.

आज सकाळी तिला खाली आणलं. बॉनेट उघडून सगळं दाखवलं. तिनं नीट बघितलं, मध्येच "ही का टोपी?" असंही विचारलं. मग म्हटलं, बस, आतून ऐक. ती बसली. मी इंजिन चालू केलं. म्हटलं, आहे काही आवाज?

"नाही," ती म्हणाली. "जरा बंद करता?"

बंद केलं.

समोर शाळेची भिंत होती, तिच्यावर मुलं चेंडू मारत होती. ती तिकडे बघत म्हणाली, "मी नाही येणार, अहो. रागानं नाही म्हणत. राग होता तेव्हा रोज भांडत होते, तुम्हाला आठवत असेल. इथं मुलं येतात, बायका येतात, दिवसभर कुणी ना कुणी माझ्याशी बोलतं. माझंही ऐकतं. मला पुन्हा त्या घरात संध्याकाळ व्हायची वाट बघत बसायचं नाही."

इतका शांतपणा होता गाडीत. आजीबाईंशी दाराच्या फटीतून तासभर बोललो मी, आणि इथं हातभरावर ही, तर जीभ टाळ्याला चिकटली. तिनं माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, हे मला दिसत होतं.

मी म्हणालो, "चालू करू का? बॅटरी थंड पडेल."

असं काही होत नसतं. पाच मिनिटांत कुठली बॅटरी थंड पडते? तिलाही माहीत असणार.

ती हसली. हसताना डोळे पुसले. "करा," म्हणाली. "छान झालीय गाडी. परत जाताना तुम्हाला त्रास नाही व्हायचा."

मग ती वर गेली. मी इंजिन चालू ठेवून बसलो. पेट्रोल निम्म्यावर येईपर्यंत.

१३ एप्रिल, वाटेत

सकाळी तिनं चहा दिला, वाटेसाठी डबा दिला, पाळणाघराची वेळ झाली म्हणून बाळाला कडेवर घेऊन निघाली. दारात म्हणाली, "सावकाश जा. पोचलात की कळवा." मी मान हलवली.

घाट उतरून एका टपरीपाशी थांबलोय. थांबायचं काही कारण नव्हतं. इंजिन तापलेलं नाही, टोप्या तशाच, काटा तसाच. स्टिअरिंगवर डायरी ठेवून लिहितोय. मला फार एकटं वाटतंय, हे लिहायला हरकत नाही, ही डायरी कुणी वाचत नाही.

फोन करायचा ठरवलं. काय बोलायचं ते आधी नीट जुळवून घेतलं, नाहीतर माझं भलतीकडेच जातं. "तुझ्याशिवाय मला करमत नाही. तू ये." बस, एवढंच. गाडीचं नाव काढायचं नाही. दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. टपरीवाला बघायला लागला, बघू दे.

फोन लावला. सूनबाईंनी उचलला, आज त्या घरूनच काम करत होत्या. म्हणाल्या, "बाबा, पोचलात का इतक्यात? आई फोन घरीच ठेवून गेल्यात, तिथं मुलं ओढतात म्हणून."

"नाही, वाटेत आहे. सहज केला."

"काही निरोप सांगू का त्यांना?"

तोंडाशी आलं होतं. पण सूनबाईंना कसं सांगणार?

"हो," मी म्हणालो. "सांगा म्हणावं, घाट उतरलो. टोप्या टिकल्या."